ॲडमिननं काय काढावं, काय राहू द्यावं

गावाचे, गल्लीचे, मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप नीट कसे चालवावेत, याबद्दल सीमाभागातल्या वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. विचारणाऱ्यांची नावं घेतलेली नाहीत. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या गावाच्या ग्रुपमध्ये ६४० लोक आहेत आणि ॲडमिन मी एकटाच. सकाळी सुप्रभात, दुपारी प्लॉटच्या जाहिराती, रात्री भांडणं. नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, हे त्या गर्दीत सापडत नाही. ग्रुप बंदच करावा का?
(खानापूर तालुका)

बंद करू नका. बंद केलात तर आठवड्याभरात दुसरा कुणीतरी नवा काढेल आणि त्यात हाच गोंधळ पहिल्यापासून सुरू होईल. खरी अडचण एकटा ॲडमिन असण्यात आहे. ६४० माणसांवर एक माणूस चोवीस तास लक्ष ठेवू शकत नाही. आणि एकट्यानं काही काढलं की ते त्याचं वैयक्तिक वैर ठरतं.

पाच ॲडमिन करा. सगळे एकाच भावकीतले किंवा एकाच पक्षाचे नकोत. एक तरी बाई हवी. एकाला कन्नड वाचता यायला हवं, कारण निम्मे सरकारी आदेश आणि बऱ्याचशा अफवा कन्नडमध्येच येतात. आणि एकजण नोकरीसाठी पुण्याला किंवा गोव्याला असलेला घ्या. गावातल्या बांधाच्या भांडणात तो नसतो, त्यामुळे त्याचा शब्द दोन्ही बाजू ऐकतात. या पाचजणांचा वेगळा छोटा ग्रुप असू द्या. जिथं शंका असेल तिथं दोघांनी हो म्हटल्याशिवाय मेसेज काढायचा नाही.

मग ग्रुप दोन करा. पहिल्यात फक्त ॲडमिन लिहितील: पाण्याची वेळ, हेस्कॉमची वीज बंद असण्याची सूचना, निधन, बस, ग्रामसभा. दिवसाला तीन-चार मेसेजच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर लोक तोही म्यूट करतात. दुसऱ्यात सगळ्यांनी बोलावं. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत, म्हणजे अनेक ग्रुप एका छताखाली ठेवायच्या सोयीत, असा फक्त ॲडमिननं लिहायचा घोषणा गट तयारच मिळतो. साध्या ग्रुपच्या सेटिंगमध्येही 'मेसेज कोण पाठवू शकेल' हे ठरवता येतं. साध्या ग्रुपची मर्यादा १०२४ माणसांची आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून जागा आहे.

नियम पाचाच्या वर नकोत. गावच्या ग्रुपला एवढे पुरतात: एकमेकांच्या जातीवर, धर्मावर, भाषेवर, घरच्या बायकांवर बोलायचं नाही, बातमी टाकाल तर कुठून आली ते सांगायचं, जाहिरात फक्त रविवारी, दुसऱ्याचा फोटो किंवा नंबर त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, निधनाच्या बातमीखाली दुसरा विषय काढायचा नाही. हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ग्रुपच्या माहितीत घाला आणि वर पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, मग आपोआप निघते. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पिन करायचं काम एकाकडे द्या. बऱ्याच ग्रुपात नियम असतात, पण पिन निघून गेलेली असते आणि नव्या माणसाला ते कधी दिसतच नाहीत.

सुप्रभातवर सरसकट बंदी घालू नका असं आमचं मत आहे. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो रोजचा निरोप असतो, 'मी आहे' एवढंच सांगणारा. सकाळी आठपर्यंत चालेल असं ठरवा, म्हणजे दोन्ही बाजूंचं भागतं.

नियम लावण्याआधी ग्रुपमध्ये पोल घ्या, तीन दिवस उघडा ठेवा. नंतरचे पंधरा दिवस कुणाला काढायचं नाही, नुसती आठवण करायची. या पंधरा दिवसांत ॲडमिननंच बुधवारी जाहिरात टाकली, तर पुढे नियमांना कुणीही विचारणार नाही.

नियम मोडणारे गृहस्थ माझ्या चुलत्यांच्या वयाचे आहेत. मेसेज डिलीट केला तर उद्या लग्नकार्यात तोंड फिरवतील. नाही केला तर पोरं म्हणतात, म्हाताऱ्यांना वेगळा न्याय.
(निपाणी)

पोरांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची अडचणही खरी आहे. यावर तोडगा एकच, पायऱ्या ठरवा आणि त्या सगळ्यांना सारख्या लावा.

पहिली पायरी फोनची. मेसेज नव्हे, फोन. 'काका, सकाळचा तो व्हिडिओ खोटा निघाला, तुम्हीच काढता का? मी काढला तर बरं दिसणार नाही.' दहातले बरेचजण तिथंच ऐकतात. पाठवणाऱ्याला स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. नुसती चूक सुधारायची असेल तर पहिल्या १५ मिनिटांत मजकूर बदलताही येतो. म्हणून फोन लगेच करायचा. उशीर झाला की त्यांच्या हातातला सन्मानाचा रस्ता बंद होतो.

दुसरी पायरी, ॲडमिननं मेसेज काढायचा आणि कारण ग्रुपमध्येच लिहायचं. ॲडमिननं काढलेल्या मेसेजच्या जागी कुणी काढला ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे गुपचूप काढण्याचा प्रश्नच नाही. कारण असं लिहा: 'संध्याकाळी ७.४० चा मेसेज काढला आहे. नियम १. पाणीपट्टीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, घराण्याचं नाव न घेता पुन्हा मांडावा, ही विनंती.' यात कोणता मेसेज, कोणता नियम आणि पुढे काय, या तिन्ही गोष्टी आल्या. टोमणा नाही आणि उपदेशही नाही.

तिसरी पायरी सात दिवस बाहेर. व्हॉट्सॲपमध्ये एकाच माणसाचं लिहिणं थांबवायची सोय नाही, टेलिग्राम आणि फेसबुक ग्रुपमध्ये आहे. त्यामुळे इथं माणसाला काढूनच टाकावं लागतं. ॲडमिननं काढलेला माणूस जुन्या लिंकवरून परत येऊ शकत नाही, त्याला ॲडमिननंच घ्यावं लागतं. म्हणून काढतानाच परत घेण्याची तारीख त्याला कळवा आणि त्या दिवशी न विसरता घ्या. इथं चूक झाली की सात दिवसांचा राग कायमचा होतो.

चौथी पायरी कायमची. तिथं पाचही ॲडमिनचं एकमत हवं.

गायरान, पाण्याचा पाट, जंगल यांसारखी सामाईक मालमत्ता लोक पिढ्यान्‌पिढ्या कशी राखतात, याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जिथं व्यवस्था टिकली तिथं पहिल्या चुकीला हलकी शिक्षा असते आणि ती वाढत जाते, राखण करणारे गावातलेच असतात आणि गावाला उत्तर देतात, असं त्यांना आढळलं. गावचा ग्रुप हे गायरानच आहे. एका घराची गुरं रोज फुकट चरली तर बाकीचे राखायचं सोडून देतात.

एक साधी वही ठेवा: तारीख, कोण, कोणता नियम, काय केलं. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं की 'आमच्याच लोकांना काढता', तर वही उघडून दाखवता येते. आणि खरंच एकाच बाजूची नावं दिसली, तर तुम्हालाही ते कळायला हवं.

१ नोव्हेंबरला आमच्या कॉलनीत एका घरात राज्योत्सव, दुसऱ्या घरात काळा दिन. ग्रुपमध्ये मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारे सगळे आहेत. दरवर्षी त्या दिवशी भांडण होतं आणि पाच-सहा जण ग्रुप सोडतात. भाषेचा विषयच बंद करावा का?
(बेळगाव शहर)

विषय बंद करू नका. १९५६ पासून चाललेला सीमाप्रश्न ग्रुपच्या नियमानं बंद होत नाही. तो फक्त दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो, आणि तिथं एकाच बाजूचे लोक असतात.

तारीख आधीच माहीत असते, हा तुमचा मोठा फायदा. १ नोव्हेंबर, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, १ जूनचा कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचा हुतात्मा दिन, डिसेंबरातलं विधिमंडळ अधिवेशन हे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आदल्या संध्याकाळी दोन्ही भाषांत एक मेसेज टाका: उद्या मत मांडायला कुणालाही अडवणार नाही, शिवी आणि धमकी राहणार नाही, व्हिडिओ तारीख आणि ठिकाण सांगूनच टाकावा. त्या दिवशी दोन ॲडमिन आळीपाळीनं ग्रुपवर लक्ष ठेवतील, त्यातला एक कन्नड घरातला असावा. कन्नड शिव्या कळायला कन्नडच माणूस लागतो. मराठी आणि कन्नड मिसळून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तर भाषांतराच्या ॲपलाही धड कळत नाही.

आता काय काढायचं ते उदाहरणानं पाहू. समजा, तीन मेसेज आले.

'तालुक्याची परिपत्रकं मराठीतही द्या, आमच्या आईला कन्नड वाचता येत नाही.' हा राहू द्या. कुणाला कितीही झोंबला तरी ती मागणी आहे. त्याखाली कुणी 'कर्नाटकात राहता तर कन्नड शिका' असं लिहिलं, तर तेही मत आहे, तेही राहील. मराठी ॲडमिनला हे दुसरं ठेवणं जड जातं. पण पहिलं ठेवून दुसरं काढलं तर तुम्ही ॲडमिन राहिला नाहीत, एका बाजूचे झालात.

'हे लोक असलेच, यांना कॉलनीतून हाकला.' हा काढा. यात मुद्दा नाही, शेजाऱ्यावर बोट आहे.

'सहा वाजता चौकात या, पाट्या बघून घेऊ.' याचा आधी स्क्रीनशॉट घ्या, मग काढा, ग्रुप बंद करा आणि पोलिसांना कळवा. इथं दुसऱ्या ॲडमिनची वाट बघायची नाही.

ग्रुप बंद करणं म्हणजे 'फक्त ॲडमिन लिहितील' ही सेटिंग. ती दोन तासांपासून फार तर रात्रभर ठेवा. बंद करताना उघडायची वेळ सांगा आणि त्याच मिनिटाला उघडा. दोन दिवस बंद ठेवलेला ग्रुप उघडतो तेव्हा आत कुणी बोलायला उरत नाही. सगळे दुसरीकडे गेलेले असतात.

जुने व्हिडिओ हा त्या दिवसाचा मोठा त्रास. दुहेरी बाणाची खूण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केले' असं दिसलं तर तो मेसेज किमान पाच हातांतून पुढे आला आहे, म्हणजे पाठवणाऱ्यानं तो स्वतः काढलेला नाही. व्हिडिओत सरकारी पाटी दिसत असेल तर ती वाचा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेळगावी' झालं. पाटीवर इंग्रजीत जुनं 'बेलगाम' असेल तर व्हिडिओ बहुधा त्याआधीचा आहे. लोकांचे कपडे, रस्त्यावरचा चिखल, बसचा रंग हेही बघा. नोव्हेंबरात छत्र्या कशाला असतील?

ग्रुपमध्ये 'मेसेज आपोआप नाहीसे व्हावेत' ही सेटिंग चालू असेल तर अशा दिवसांआधी बंद करा. चोवीस तासांनी सगळं पुसलं गेलं तर कोण काय म्हणालं, यावरच नवं भांडण होतं.

पावसाळ्यात 'धरण फुटलं', 'पाच लाख क्युसेक सोडलं' असे मेसेज येतात. खरे की खोटे कळत नाही. काढले आणि खरे निघाले तर?
(चिकोडी तालुका)

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या गावांनी जे भोगलं ते बघता ही भीती रास्त आहे. म्हणून इथं नियम वेगळा: शंका असलेला मेसेज नुसता काढू नका, त्याखाली लगेच 'तपासतोय, दहा मिनिटं' असं लिहा. मग तपासून एकतर काढा किंवा खात्री झालेली माहिती वर पिन करा.

तपासताना चार गोष्टी बघा: धरणाचं नाव, आकडा आवकेचा की विसर्गाचा, तारीख आणि वेळ, कोणी सांगितलं. सगळ्यांत जास्त गोंधळ आवक आणि विसर्ग यात होतो. धरणात येणारं पाणी वाचून लोक ते सोडलेलं समजतात.

आकड्याची थोडी गणितं पाठ ठेवा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास सोडलं तर ८.६४ टीएमसी होतं. 'हिडकलमधून पाच लाख क्युसेक' असा मेसेज आला, तर ते दिवसाला ४३ टीएमसी झालं. हिडकलची पूर्ण क्षमताच ५१ टीएमसी आहे. सव्वा दिवसात धरण कोरडं पडेल. आकड्यातच चूक आहे, हे तिथंच कळतं.

दुसरं, दिशा बघा. 'अलमट्टीतून पाणी सोडलं, अथणीला धोका' असे मेसेज दरवर्षी फिरतात. अलमट्टी अथणीच्या खाली आहे. तिथून सोडलेलं पाणी पुढे जातं, मागे येत नाही. अथणी-चिकोडीकरांनी वरच्या अंगाला बघायचं: कोयना, वारणा, राधानगरी, काळम्मावाडी, आणि राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी पुढे येतंय.

कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली गेला का, अशा प्रश्नाला पुलाजवळच्या माणसाला फोन करणं हीच सर्वांत जलद तपासणी. पावसाळ्याआधी प्रत्येक पुलाजवळच्या एका माणसाचं नाव ॲडमिनच्या वहीत असायला हवं.

मी बचत गटाच्या ग्रुपमध्ये आहे. ग्रुपमधून नंबर घेऊन अनोळखी पुरुष रात्री मेसेज करतात. ॲडमिनला सांगितलं तर 'ब्लॉक करा' म्हणाले.
(भालकी)

ब्लॉक तर कराच, पण ॲडमिनचं काम तिथं संपत नाही. तो माणूस तुमच्यापाशी थांबला तरी दुसरीकडे जाईल. बऱ्याच बायका तक्रार न करता ग्रुप सोडतात. व्हॉट्सॲपवर कुणी सोडून गेलं तर त्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते. एकामागून एक बायका सोडून जाताना दिसल्या, तर ॲडमिननं स्वतः फोन करून कारण विचारायला हवं.

तुम्ही असं करा. ब्लॉक करण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि वेळ दिसेल असे. मग 'रिपोर्ट' करा. रिपोर्ट केल्यावर त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेजपर्यंत व्हॉट्सॲपकडे जातात. त्यामुळे आधी चॅट पुसू नका. मग ॲडमिनला लेखी कळवा. ॲडमिननं त्याला त्याच दिवशी काढायचं आणि ग्रुपची लिंक रीसेट करायची, म्हणजे जुन्या लिंकवरून त्याचा साथीदारही येणार नाही. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव ग्रुपमध्ये घ्यायचं नाही. 'नियम मोडल्यामुळे एका सदस्याला काढलं' एवढंच पुरे. अश्लील फोटो किंवा धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैशांची फसवणूक असेल तर ताबडतोब १९३० वर फोन लावा.

नवे सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनंतरच आत येतील, ही सेटिंग बचत गटाच्या ग्रुपला हवीच. कम्युनिटीच्या घोषणा गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. मोठ्या ग्रुपसाठी तो जास्त सुरक्षित.

ग्रुपमध्ये दुसऱ्यानं काही टाकलं तर ॲडमिनला अटक होते का?
(बऱ्याचजणांनी विचारलं आहे)

दुसऱ्याच्या मेसेजसाठी, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून, गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हेच सांगितलं. मेसेज येण्याआधी ॲडमिन तो अडवू शकत नाही, म्हणून दोघांचा समान हेतू दाखवल्याशिवाय त्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. मात्र आपला भाग कर्नाटक उच्च न्यायालयाखाली येतो, बेळगावकडचा धारवाड पीठाखाली आणि भालकीकडचा कलबुर्गी पीठाखाली. तिथं हे निकाल आधार म्हणून दाखवता येतात, बंधनकारक नसतात.

ॲडमिन अडकतो तो स्वतःच्या कृतीमुळे: तेढ वाढवणारा मेसेज स्वतः पुढे पाठवला, किंवा त्याला वाहवा दिली. समाजासमाजात तेढ पसरवण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतो, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून कळल्याबरोबर काढलं, कारण लिहिलं, वहीत नोंद केली, हीच तुमची बाजू. पोलिसांची नोटीस आली तर काहीही पुसू नका, आधी वकिलाकडे जा.

पाच वर्षं ॲडमिन आहे, आता झेपत नाही. सोडायचं कसं?
(येळ्ळूर)

एकदम बाहेर पडू नका. एकटाच ॲडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कुणालातरी आपोआप ॲडमिन करतं, आणि तो कोण असेल सांगता येत नाही. आधी तिघांना ॲडमिन करा. महिनाभर निर्णय त्यांना घेऊ द्या, तुम्ही नुसतं बघा. वही, पुलाजवळच्या माणसांची नावं, कुणाला कधी परत घ्यायचंय त्याच्या तारखा त्यांच्या हातात द्या. लिंक रीसेट करा. मग त्यांच्यापैकी एकाला सांगून स्वतःचं ॲडमिनपद काढून घ्या आणि ग्रुपमध्ये साधे सदस्य म्हणून राहा. पहिले काही दिवस रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.